ओला काटा हलला नाही : डिसेंबरच्या पावसाचं एक प्रकरण

30 नोव्हेंबर 2021, कार्तिक वद्य एकादशी. सकाळी साडेनऊला पुतण्याचा फोन आला.

"काका, वरच्या बागेत बोंगे फुटलेत. तुडतुडे दिसतायत. आज औषध मारून घेऊ का? मोबाईलवर पाऊस दाखवतायत, पण सगळे म्हणतात मुंबईकडे."

"मारून घे," मी म्हटलं. "ती उत्तरेकडची गडबड आहे. आपल्याकडे कसली आघाडी येतेय?"

मी रत्नागिरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवला. आघाड्या समशीतोष्ण पट्ट्यात तयार होतात, कोकणात येत नाहीत, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. वाक्य खरं आहे, आजही मी तेच शिकवीन. पण त्या खऱ्या वाक्यावरून मी जो निष्कर्ष काढला तो चुकला, आणि त्यात वरच्या बागेची फवारणी पाण्यात गेली. नेमकं कुठे चुकलं ते पुढचे काही दिवस मी नोंदवही उघडून तपासलं. ती तपासणी इथे मांडतो, कारण नोव्हेंबर-डिसेंबर आला की आंबा बागायतदाराला हाच निर्णय दर वर्षी घ्यावा लागतो.

बाग आणि वेळ

आमची वाडी पावसच्या दक्षिणेला, मुचकुंदीच्या खाडीच्या अलीकडे. वरची बाग सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कातळ फोडून माती भरलेली. खालची बाग खाडीकडे उतरणाऱ्या खोलगट भागात. दोन्ही मिळून साठ-पासष्ट हापूसची कलमं. वरची आधी मोहरते, कारण कातळ लवकर सुकतो आणि वारा मोकळा लागतो. खालची मागून येते.

नोव्हेंबरअखेर हा हापूसचा नाजूक काळ. पाऊस संपून जमीन वाळलेली असते, रात्री गार होऊ लागतात आणि जून फांदीच्या शेंड्यावर डोळा फुगतो. त्या डोळ्यातून पालवी येणार की मोहोर हे बरंचसं या दिवसांतल्या गारव्यावर आणि कोरडेपणावर ठरतं. बोंगा, म्हणजे मोहोराचा फुगलेला डोळा, फुटला की त्यावर तुडतुडे बसतात, रस शोषतात आणि पानांवर चिकटा पडतो. म्हणून बोंगे फुटताना एक फवारणी ठरलेलीच. तिचा खर्च काही थोडा नसतो. औषध, पंपाचं डिझेल, सड्यावर टँकरने चढवलेलं पाणी, तीन गड्यांची मजुरी, आणि दिवस मोडतो तो वेगळा. औषध पानावर सुकायला काही तास कोरडे मिळाले नाहीत, तर हे सगळं मुळाशी वाहून जातं.

तीन दिवसांच्या नोंदी

मागच्या पडवीत मी दोन साधे तापमापक टांगून ठेवले आहेत. एक उघडा, दुसऱ्याच्या फुग्याला मलमलची चिंधी गुंडाळलेली आणि तिचं टोक पाण्याच्या बाटलीत. कोरडा काटा आणि ओला काटा. चिंधीतलं पाणी सुकताना फुग्याची उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला नेहमी खाली असतो. हवा जितकी कोरडी तितका दोघांत फरक जास्त. शाळेत मुलांना दाखवायला केला होता हा प्रयोग, निवृत्तीनंतर सवय उरली. वाऱ्याची दिशा मात्र न्हाणीच्या चुलीच्या धुरावरून लिहितो. त्याहून खात्रीचं वातकुक्कुट आमच्या वाडीत नाही.

29 तारखेला दुपारी दोनला कोरडा 33, ओला 25. पहाटे मतलई वारा, धूर समुद्राकडे. अकराच्या सुमारास खारा वारा सुरू झाला आणि धूर बागेकडे वळला. रोजचं वेळापत्रक. एकच गोष्ट वेगळी होती : आभाळात फार उंचावर पिसांसारखे पांढरे ढग, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे ताणलेले.

30 तारखेला सकाळी ते पिसांचे ढग पसरून दुधाळ पडदा झाला. दहा वाजता सूर्याला खळं पडलेलं दिसलं. मतलई रोजच्यासारखी होती. मात्र अकरा वाजले, बारा वाजले, धूर काही वळला नाही. तो माडांच्या शेंड्यांवरून वायव्येकडे जात राहिला, म्हणजे वारा आग्नेयेचा. वहीत मी लिहिलंय : "खारा वारा आला नाही." लिहिलं आणि वही मिटली. सड्यावर तेव्हा पंपाचा आवाज चालू होता.

चारला फवारणी संपली. मध्यरात्रीनंतर पाऊस लागला.

कोकणातल्या माणसाला पावसाचे आवाज ओळखता येतात. जुलैचा पाऊस सरींनी येतो, कौलांवर घोडे दौडल्यासारखा. परतीचा पाऊस संध्याकाळी गडगडून येतो आणि तासाभरात निघून जातो. हा त्यातला कुठलाच नव्हता. एकसुरी, बारीक, न थांबणारा. बुधवारी, 1 डिसेंबरला, दिवसभर तसाच पडला. गडगडाट नाही, वावझड नाही. दुपारी दोनला कोरडा 25, ओला 24. आदल्या सोमवारपेक्षा आठ अंशांनी गार! माणसं स्वेटर घालून बसली होती. कुणाच्या खळ्यात झोडायचं भात होतं, कुणाची मासळी वाळत घातलेली होती, सगळ्यांची धावपळ झाली. घाटावर तर फार वाईट झालं. पावसात भिजून गारठलेल्या शेकडो मेंढ्या-शेळ्या पुणे आणि नगर जिल्ह्यांत दगावल्या.

त्या दिवशी मोबाईलवर एक निरोप फिरत होता : "शीत आघाडी कोकणावर धडकली." पुतण्याने तो मला पाठवला. खाली एकच ओळ होती : "काका, मग ही कुठली?"

आघाडी म्हणजे काय

प्रश्न योग्य होता, म्हणून उत्तर मुळापासून द्यायला हवं.

मोठ्या प्रदेशावर बरेच दिवस स्थिरावलेली हवा त्या प्रदेशाचा स्वभाव उचलते. सैबेरियावरची हवा गोठलेली आणि कोरडी होते, उष्ण समुद्रावरची ऊबदार आणि दमट. याला आपण वायुराशी म्हणतो. दोन वेगळ्या स्वभावाच्या वायुराशी समोरासमोर आल्या की त्या चटकन मिसळत नाहीत. थंड हवा जड म्हणून तळाशी पाचरीसारखी घुसते, उबदार हवा तिच्या अंगावरून वर चढते. दोघींमधला जो तिरका, अरुंद पट्टा, ती आघाडी. नॉर्वेतल्या बर्गेन शहरात विल्हेल्म ब्यर्कनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ही कल्पना मांडली. 1919 मध्ये त्यांचा मुलगा याकोब ब्यर्कनेस याने वादळाच्या पोटात या सीमा कशा असतात याचा आराखडा प्रसिद्ध केला. दोन सैन्यं भिडलेली रेषा नुकतीच सगळ्या युरोपाने पाहिली होती, नाव तिथूनच आलं. मराठीतही लढाईचाच शब्द रुळला.

थंड हवा पुढे सरकत असेल तर शीत आघाडी. तिचा उतार उभट, साधारण शंभर किलोमीटर मागे गेलं की एक-दोन किलोमीटर उंची. उबदार हवा एकदम वर ढकलली जाते, ढगांचे मनोरे उभे राहतात, अरुंद पट्ट्यात जोराचा पाऊस पडतो. रेषा डोक्यावरून गेली की वारा दिशा बदलतो, वायुभार वर चढतो, पारा उतरतो, आभाळ फाटून निळं होतं. उबदार हवा पुढे येत असेल तर उष्ण आघाडी. तिचा उतार फारच सपाट, म्हणून तिची चाहूल शेकडो किलोमीटर आधी लागते : पहिल्यांदा पिसांचे ढग, मग दुधाळ पडदा आणि खळं, मग करडं मळभ, आणि शेवटी तासन्‌तास रिपरिप.

आता 29 ते 1 या दिवसांच्या नोंदी परत वाचा. पिसं, पडदा, खळं, मळभ, रिपरिप. हुबेहूब उष्ण आघाडीचा क्रम. आणि निरोप म्हणतो शीत आघाडी, कारण गार वाटलं. दोन्ही खुणा एका दिवसात, दोन्ही परस्परविरुद्ध. इथे मी अडलो आणि वहीकडे वळलो.

ओल्या काट्याची साक्ष

सोमवारी कोरडा 33, ओला 25. बुधवारी कोरडा 25, ओला 24. कोरडा आठ अंश घसरला, ओला जेमतेम एक.

सगळं प्रकरण या दोन आकड्यांत आहे. पावसाचे थेंब खाली येताना वाटेत सुकतात, सुकताना हवेतली उष्णता घेतात. हवा गार होते, पण त्याच वेळी तिच्यात वाफ वाढते. उष्णता एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते, एकूण तेवढीच राहते. ओला तापमापक नेमकी ही बेरीज मोजतो, म्हणून अशा गारव्यात तो जवळजवळ हलत नाही. कोरडा मात्र घसरत घसरत त्याच्यापाशी येऊन टेकतो. वर दिवसभर मळभ, म्हणजे ऊनही नाही. बुधवारची हुडहुडी ही अशी होती : सोमवारचीच समुद्राची हवा, सावलीत ठेवलेली आणि भिजवलेली. उत्तरेची थंड हवा आली असती तर ती कोरडी असती आणि ओला काटाही धाडकन पाच-सात अंश खाली गेला असता.

वायुभाराकडेही पाहिलं. पुतण्याच्या फोनमध्ये तो दिसतो. आपल्या अक्षांशात वायुभार रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या आसपास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या आसपास खाली, तीन-चार मिलिबारचा हेलकावा. भरती-ओहोटीसारखंच. आघाडी गेल्याची उडी या हेलकाव्यावर उठून दिसायला हवी होती. तशी उडी नव्हतीच.

म्हणजे जमिनीवर आघाडी आली नव्हती. शीतही नाही, उष्णही नाही. माझं फळ्यावरचं वाक्य खरंच होतं. आणि तरीही बोंग्यांवरचं औषध धुऊन गेलं होतं.

मग पाऊस आला कुठून

हवामान खात्याने आधीच सांगितलं होतं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर पूर्व-मध्य अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होणार होतं आणि त्याच सुमारास उत्तरेत पश्चिमी विक्षोभ येत होता. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका म्हणून इशाराही होता. मी तो वाचला होता. "उत्तरेत" हा शब्द वाचला आणि पुढचं सोडून दिलं.

पश्चिमी विक्षोभ भूमध्य समुद्र, कॅस्पियन या बाजूने निघतात आणि हिवाळ्यात हिमालयावर बर्फ, पंजाबात गव्हाला पाऊस देतात. मूळच्या युरोपीय वादळांना असतात तशा आघाड्या त्यांनाही असतात, पण इराण-अफगाणिस्तानचे डोंगर ओलांडता ओलांडता जमिनीलगतची रेषा विरते. टिकून राहते ती वरची द्रोणी, म्हणजे पाच-दहा किलोमीटर उंचीवरच्या पश्चिमी वाऱ्यांना पडलेला दक्षिणेकडचा खळगा. हा खळगा कधी कधी इतका खोल होतो की त्याचं टोक अरबी समुद्रावर येतं. खळग्याच्या पूर्व अंगाला वरची हवा पसरत जाते. वर ती पसरली की तिची जागा भरायला खालची हवा वर ओढली जाते.

एरवी डिसेंबरात खालची हवा मतलईची, कोरडी असते. ओढली तरी तिच्यातून पिसांपलीकडे काही निघत नाही. त्या आठवड्यात मात्र खाली कमी दाबाचं क्षेत्र होतं. त्याच्या पूर्व अंगाला आपला किनारा, म्हणून आपल्याकडे वारा आग्नेयेचा, आणि त्या वाऱ्याबरोबर समुद्रावरची वाफ. खालून वाफेचा पुरवठा, वरून ओढ. दमट हवा एका मोठ्या प्रदेशावर सावकाश उचलली गेली. तिचे ढग उष्ण आघाडीसारखे थरांचे झाले, कारण सावकाश उचलल्या गेलेल्या दमट हवेचे ढग थरांचेच होतात, मग तिला उचलणारी आघाडी असो वा द्रोणी.

धूर का वळला नाही तेही इथे कळतं. पडद्याने ऊन अडवलं, सडा तापला नाही. शिवाय आग्नेय वारा आड आला. खारा वारा उठायला जमीन समुद्राहून बरीच तापावी लागते. नोव्हेंबरअखेरच्या एरवी निरभ्र दिवसांत खारा वारा चुकला तर समजावं की हजार किलोमीटरवरचं काहीतरी आपल्या अंगणापर्यंत पोचलंय. ही खूण माझ्या वहीत फवारणी संपण्याच्या चार तास आधी होती. पंप थांबवायला एक फोन पुरला असता.

रेषा आखलेली आघाडी कोकणात का येत नाही, तेही सांगून टाकतो. तिला लागतो शेजारशेजारच्या हवांमधला तीव्र तापमानभेद आणि पृथ्वीच्या फिरण्याचा वाऱ्यांना वळवणारा जोर. रत्नागिरी 17 अंशांवर आहे. इथे हा जोर 45 अंशांवरच्या निम्म्याहूनही कमी, आणि दोन-तीनशे किलोमीटर उत्तर-दक्षिण गेलं तरी हवेत फारसा फरक नाही.

एक अपवाद मात्र आहे, आणि तो मला फार प्रिय आहे. खाऱ्या वाऱ्याचं तोंड ही लहान आकाराची आघाडीच असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी सड्यावर उभं राहावं. आधी जमिनीकडची कोरडी, भाजणारी हवा. मग काजूची पानं एकदम उलटी होतात, पांढुरकी बाजू दिसते, आणि मिनिटाभरात दमट गार झुळूक अंगावर. कोरडा काटा उतरतो, ओला चढतो. ती पुढे पूर्वेकडे सरकत जाते तशी तिच्या तोंडाशी छोट्या कापूसढगांची रांग सह्याद्रीकडे जाताना दिसते. उन्हाळ्यात संध्याकाळी पुण्यात जो पश्चिमेचा गारवा पोचतो, तो बहुधा याच वाऱ्याचा. पुस्तकातली आघाडी समजून घ्यायला युरोपात जायला नको, तिची लहान बहीण आपल्या गडग्यावरून रोज जाते.

खालची बाग

2 तारखेला दुपारनंतर पाऊस ओसरला. खालच्या बागेत बोंगे नुकते सुटत होते, तिथे औषध मारलंच नव्हतं. पुतण्याला घाई होती. वरची धुतली गेली, निदान खालची वाचवू, असं त्याचं म्हणणं.

मी वरच्या बागेत गेलो. एक मोहोर हातात घेतला. दांडीच्या बेचक्यात पाणी साचलेलं, देठ जड होऊन वाकलेला. झटकला तर तळहातावर फुलांची पिवळट भुकटी आणि दोन तुडतुडे, भिजलेले पण जिवंत. दांडीवर अजून डाग नव्हता. करप्याची बुरशी ओल्या पृष्ठभागावर काही तासांत रुजते, डाग मागून दिसतो. म्हणजे आता घाई किड्याची नव्हती, बुरशीची होती. आणि त्या घाईलाही पान सुकेपर्यंत थांबणं भाग होतं, नाहीतर औषध थेंबांबरोबर ओघळणार.

"थांबायचं किती?" त्याने विचारलं.

"धूर वळेपर्यंत," मी म्हटलं. "आणि दोन काट्यांत पाच-सहा अंशांचं अंतर पडेपर्यंत."

3 तारखेला दुपारी धूर वळला. कोरडा 30, ओला 24. दोन्ही बागांवर आधी बुरशीनाशक मारलं. वरच्या बागेत तुडतुड्यांसाठीचं औषध परत घालावं लागलं, त्याचा भुर्दंड पडलाच. त्याच दिवसांत बंगालच्या उपसागरात 'जवाद' चक्रीवादळ ओडिशाकडे सरकून विरत होतं, त्यामुळे घबराट पुन्हा उठली, पण त्याचा आपल्या वाऱ्याशी संबंध नव्हता. मी यावेळी नकाशा नीट पाहून मगच "मार" म्हटलं.

खरी उत्तरेची हवा पुढच्या आठवड्यात आली. रेषा नाही, ढग नाही, पाऊस नाही. दीड-दोन दिवसांत हळूहळू ओला काटा 24 वरून 19 वर उतरला, मतलई सकाळी उशिरापर्यंत टिकू लागली आणि ओठ फुटले. हवा बदलली ती त्या दिवशी. लोकांच्या लेखी थंडी पहिल्या तारखेलाच येऊन गेली होती.

वरच्या बागेत बऱ्याच मोहोरांवर करपा दिसला, दांड्या काळ्या पडून फुलं गळली. ज्या झाडांना दाट घेर होता आणि आत वारा खेळत नव्हता, त्यांचं जास्त गेलं. खालच्या बागेतले उशिराचे बोंगे बरेचसे वाचले. वरच्या काही कलमांनी जानेवारीत पुन्हा मोहोर धरला, तो मोहरीएवढ्या कणीपर्यंत पोचला तेव्हा खालच्या झाडांवर सुपारीएवढी फळं होती. त्या वर्षी हापूस कोकणभर उशिरा आणि कमी आला.

पुढच्या नोव्हेंबरात पुतण्याने स्वतःच्या पडवीत दोन तापमापक टांगले. चिंधी त्याने आईच्या जुन्या नऊवारीची घेतली, मलमलपेक्षा ती पाणी बरं ओढते. एका सकाळी फोन आला.

"काका, वर पिसं आहेत, नैर्ऋत्येकडून. पाऊस कोण सांगत नाही. धूर अजून समुद्राकडेच जातोय."

"किती वाजले?"

"सव्वाबारा."

"पंप लावलास?"

"नाही अजून. ओला बघतोय."